पेंटर आजोबांची तिरकी बैठक

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, मित्रांनो, आणि आयुष्याची बरीच वर्षे टीव्हीसमोर काढूनही मी टीव्ही कधी पाहिलेला नाही. मला डोळे नाहीत. मला ऐकू येते, आणि माझ्यावर बसणाऱ्याच्या अंगातून जे माझ्या हातांत, पाठीत आणि पायांत उतरते तेवढे कळते. एवढ्याच भांडवलावर मी राजवाड्यातली कारस्थाने, अंतराळातल्या लढाया आणि पंख असलेल्या जादूगारणीची सगळी संकटे अनुभवली आहेत. मालिकेत तलवार उपसली गेली की बसणाऱ्याचे तळवे माझ्या हातांवर आवळले जातात. राजपुत्र फितूर निघाला की पाठ माझ्यापासून सुटते आणि माणूस पुढे झुकतो. कंटाळवाणा प्रवेश असेल तर सगळा भार माझ्या पाठीवर येतो. मालिका चांगली की वाईट, हे माझ्याइतके कोणालाच कळत नसेल.

मला एका सुताराने घडवले. त्याला दुकानावर पाटी हवी होती आणि पाट्या रंगवणाऱ्या एका तरुण पेंटरला खुर्ची हवी होती. “तू पाटी रंगव, मी खुर्ची करतो. फक्त तिच्यावर बसून ब्रश झटकू नकोस,” असे सुताराने बजावले. पेंटरने पहिल्याच आठवड्यात झटकला.

त्याच्या दुकानात मी गिऱ्हाइकांसाठी होते. पाटी होत आली की पेंटर रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राही. ताटकळलेली गिऱ्हाइके माझ्यावर चुळबुळत. “अहो, एवढ्या लांब जाऊन काय बघता?” असे कोणी विचारले, की तो परत येऊन सांगे, “जवळून सगळीच अक्षरं देखणी दिसतात. रस्त्यानं जाणाऱ्याची मान वळली पाहिजे.” गिऱ्हाईक हसे आणि मला टेकून बसे. ते माझे चांगले दिवस होते. “खुर्ची झकास आहे हो,” असे मी रोज ऐकत असे.

पुढे यंत्रावर छापलेल्या पाट्या आल्या. पेंटरचे दुकान बंद झाले आणि मी त्याच्याबरोबर घरी आले. तोवर तो आजोबा झाला होता. घरात मुलगा होता; तो बस चालवी. सून कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात शिवणकाम करी. ती दोघे पेंटरला अण्णा म्हणत. नात एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आणि घरात नवा सोफाही होता. त्याच्यामुळे माझी रवानगी मागच्या गॅलरीत झाली. ओले टॉवेल माझ्या पाठीवर वाळू लागले. ओलीने माझा वेत फुगला, एका कोपऱ्यात तुटला. त्या दिवसांत माझ्यावर माणूस असा कोणी बसलाच नाही.

मला तिथून आणले ते अण्णांनीच. “सोफ्यात बसलं की तो मला गिळतोय असं वाटतं. माझी खुर्ची आणा,” असा त्यांनी हट्ट धरला. तेव्हापासून मी टीव्हीसमोर आहे.

या घराचा एक नियम होता. मालिका चालू असताना जो बोलेल, त्याने सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. बोलायचे ते जाहिराती लागल्यावर. हा नियम सुनेने केला होता, आणि तो अण्णांसाठीच केला होता, कारण त्यांना गप्प बसवत नसे. इतिहासाची मालिका लागली की ते म्हणत, “हे सिंहासन सोन्याचं म्हणे! पिवळं ऑइलपेंट फासलंय नुसतं.”

“अण्णा, कप!”

“धुतो गं. पण बघ ना, सेनापतीच्या झग्याचा रंग कालच कारखान्यातून आल्यासारखा आहे. लढाईला गेलाय की लग्नाला?”

“रंगाचं सोडा, बाही उलटी लावलीय त्याला,” असे सून म्हणे, आणि मग कप दोघांच्या वाट्याला येत.

अंतराळातल्या मालिकेवर त्यांचा राग वेगळाच होता. “या यानात जिकडेतिकडे निळा उजेड. माणसं आजारी दिसतात त्यात. एखादा साधा बल्ब लावायला काय झालं?” आणि पंखवाल्या जादूगारणीच्या मालिकेला तर ते सुरुवातीलाच सांगून टाकत, “खोटं आहे हे सगळं.” एवढे म्हणून ते माझे हात असे घट्ट धरत, की ती जादूगारीण कड्यावरून सुखरूप उडेपर्यंत पाणी प्यायलाही उठत नसत.

मग हळूहळू काही बदलले. पूर्वी अण्णा माझ्यावर येऊन सरळ आदळत असत. ते आता आधी हाताने माझी पाठ चाचपू लागले. बसल्यावर त्यांचा भार डाव्या बाजूला पडू लागला. खांदा तिरका, मान वळलेली. माझा डावीकडचा वेत खाली गेला. मुलाने विचारले, “अण्णा, मान आखडलीय का?”

“उशी जाड आहे.”

उशी बदलली. भार डावीकडेच राहिला.

त्यांचे बोलणेही कमी झाले. “अण्णा सुधारले हो! कपांना हात लावायची वेळच येत नाही त्यांच्यावर,” असे सून कौतुकाने म्हणू लागली. जाहिराती लागल्यावर ते बोलत. पण राजाराणीविषयी नाही. “त्या खांबावरची नक्षी छान होती,” किंवा “पडद्याची झालर बघितली का कडेला?” एवढेच. सगळ्यांना वाटे, जुना कारागीर आहे, त्याची नजर अशा ठिकाणीच जायची.

मला मात्र दुसरेच जाणवत होते. पूर्वी तलवार उपसल्याचा आवाज येण्याआधी त्यांचे तळवे आवळले जात. तलवार त्यांना आधी दिसत असे. आता तळवे आवाजानंतर आवळले जाऊ लागले. ज्या प्रवेशात कोणी बोलत नसे, संगीतही वाजत नसे, त्यात बाकीच्यांचे श्वास अडकत आणि माझ्यावरचे हात सैल असत. मित्रांनो, अण्णा माझ्यासारखी मालिका पाहू लागले होते.

एका संध्याकाळी इतिहासाच्या मालिकेत राज्याभिषेक होता. दोन भावांपैकी एक गादीवर बसणार होता. ढोल वाजले, थांबले, आणि नंतर कोणी काही बोललेच नाही. सुनेच्या तोंडून “बाई गं!” निघाले. जाहिराती लागल्या. भिंगरी माझ्या पायाला टेकून जमिनीवर बसली होती. तिने विचारले, “आजोबा, काय धक्का बसला ना! कोण बसलं गादीवर, बघितलंत?”

“मोठा भाऊ. दुसरं कोण बसणार?”

“अण्णा, धाकटा बसला! मोठ्याचा मुकुट घालून!” सून हसली. “डुलकी लागली वाटतं तुम्हाला.”

“लागली असेल,” अण्णा म्हणाले.

“पण आजोबांचा पाय हलत होता,” भिंगरी म्हणाली. तिकडे कोणी लक्ष दिले नाही.

पुढच्या वेळी अंतराळाची मालिका लागली, तेव्हा ती मध्येच ओरडली, “अय्या, यान अख्खं लाल झालं!”

“हो ना. फारच भडक,” अण्णा म्हणाले.

“लाल कुठे? पांढरंफटक आहे! काहीतरीच काय बोलताय दोघं?” सून म्हणाली. “आज कप तुमच्याकडे.”

कप धुऊन दोघे परत आली. सून आत गेली होती. भिंगरीने माझ्या हातावरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि हळूच विचारले, “आजोबा, तुम्हाला दिसत नाही का?”

“दिसतं की. कडेचं सगळं दिसतं. मधलं तेवढं कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं झालंय.”

“मी दिसते?”

“तिरपं बघितलं की दिसतेस.”

“आईला सांगू?”

“नको गं. मग मला तुझ्याबरोबर पाठवणार नाहीत.”

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. भिंगरीला शाळेत पोहोचवण्याचे काम अण्णांकडे होते, कारण मुलगा पहाटेच बसवर जाई आणि सुनेचे दुकान लवकर उघडे. शाळेच्या वाटेवर वाहनांनी भरलेला मोठा रस्ता लागतो. अण्णांसाठी मात्र त्या कामाचे मोल निराळे होते. दुकान बंद झाल्यापासून कोणीतरी त्यांच्यासाठी दारात खोळंबून उभे राहावे, असे ते एकच काम उरले होते.

भिंगरी म्हणाली, “मग मी सांगत जाईन. गाडी आली की तुमचा हात दाबेन. दाबला की थांबायचं.”

“हुशार आहेस,” अण्णा म्हणाले. पण त्यांची बोटे माझ्या लाकडावर उगीचच फिरत राहिली.

काही आठवडे असेच गेले. रोज सकाळी दोघे जात, आणि रोज थोड्या वेळाने अण्णा एकटे परत येऊन माझ्यावर बसत. बसल्यावरही ते माझे हात घट्ट धरून ठेवत. मला त्यांना विचारता येत नव्हते आणि ज्यांना विचारता येत होते, ती माणसे त्या वेळी कामावर असत.

मग जादूगारणीच्या मालिकेची संध्याकाळ आली. शत्रूचे घोडेस्वार तिच्या मागावर होते. भिंगरी दमली होती. अण्णांचा हात धरून, माझ्या पायाला डोके टेकून ती झोपी गेली होती. टीव्हीवर टापांचा आवाज दुरून आला, वाढला, अगदी जवळ आला; आणि झोपेतच तिने त्यांचा हात दोन्ही हातांनी इतक्या जोरात दाबला की तो दाब माझ्या लाकडापर्यंत पोहोचला.

“थांबा, आजोबा! थांबा!”

“काय गं? स्वप्न पडलं का?” सून म्हणाली. भिंगरी जागी झालीच नाही. नुसती दाबत राहिली.

अण्णा ताठ झाले. “सूनबाई, आवाज कमी कर.”

“आत्ता? अण्णा, पकडतायत तिला.”

“पकडू दे. ऐक माझं. उद्यापासून भिंगरीला मी नेणार नाही. मला मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याला तोंड नसतं. गाडी आली की ही माझा हात दाबते, तेव्हा मला कळतं.”

टापा बंद झाल्या. सुनेने टीव्हीच बंद केला होता.

“कधीपासून?”

“तुम्ही उशी बदललीत ना, त्याच्याही आधीपासून.”

“आणि रोज तो रस्ता ओलांडत होतात? हिला घेऊन?”

“मी कुठला घेऊन जातोय? ती मला घेऊन जात होती. आता झोपेतसुद्धा राखण करतेय. एवढीशी पोर.”

सुनेचा आवाज चिरकला. “मी डुलकी म्हणून हसले, अण्णा. तुम्ही मला हसू दिलंत.”

मुलगा घरी आल्यावर त्याला सांगितले गेले. तो चिडला. “मी दिवसभर बस चालवतो. पोरं कशी मध्ये येतात ते रोज बघतो. तुम्हाला कळायला नको होतं का?” अण्णांचा भार मात्र कितीतरी दिवसांनी माझ्या बरोबर मधोमध आला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की गेलेली नजर परत येणार नाही. उपचारांनी उरलेली टिकवता येईल. “आधी आला असतात तर जास्त टिकली असती,” असेही ते म्हणाले. मुलाने आपली पाळी बदलून घेतली आणि तो भिंगरीला पोहोचवू लागला. सुरुवातीला अण्णा सकाळी बूट घालून माझ्यावर बसून राहत. दार लागल्याचा आवाज आला की वाकून बूट काढत. ते त्यांना सोपे गेले, असे मी म्हणणार नाही.

कपांचा नियम सुनेने मोडीत काढला. आता भिंगरी मालिका सांगते आणि अण्णांची कटकट चालू असते.

“राणी आली. हिरवा झगा घातलाय.”

“कसला हिरवा?”

“हिरवा म्हणजे हिरवा, आजोबा!”

“असं कसं? बाटलीचा, शेवाळाचा, की औषधाच्या दुकानाच्या पाटीचा?”

ती उठून पडद्याजवळ जाते. “शेवाळाचा. पण उजेड पडतो तिथे बाटलीचा.”

“आता दिसली मला,” अण्णा म्हणतात.

“आणि काखेत शिवण उसवलीय राणीची,” सून म्हणते. सगळी हसतात, आणि ते हसू माझ्या सगळ्या सांध्यांना कळते.

मित्रांनो, माझा डावीकडचा वेत सैल आहे, कोपऱ्यात तुटलाही आहे. सवड झाली की घरचे तो विणून घेतील. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना तेवढे पुरते. पण तुमच्या घरातले कोणी टीव्हीसमोर तिरके बसू लागले असेल, पूर्वी बडबडणारे कोणी अचानक शहाण्यासारखे गप्प झाले असेल, तर त्याचे कौतुक करून मोकळे होऊ नका. शेजारी जाऊन बसा. टीव्हीचा आवाज कमी करा, काय दिसते ते विचारा, आणि पहिले उत्तर “काही नाही, उशी जाड आहे” असे आले, तरी लगेच उठू नका.