डोहाला वळसा

जाळीच्या भोकात एक झिंगा अडकला होता, जिवंत, मिशा हलवणारा. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाला असते ती ही लोखंडी जाळी. लिंबाजी पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी काहिलीत उकिडवा बसून तो झिंगा नखानं सोडवत होता, जणू आजच्या दिवसात तेवढं एकच काम उरलं होतं. लेक शिवकन्या पहिलं लेकरू घेऊन सासरी परतली, ते हे वर्ष; लातूर नवा जिल्हा झाला त्याला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि तळं काठच्या बाभळी सोडून पार मधल्या खोलगटात जाऊन बसलं होतं.

"मामा, झिंग्याचं बारसं करायलाव काय?" काठावरून इंजिनवाला बसवंत ओरडला. "टँकर उभे हायत, इंजिन हवा ओढायलंय. डोहात टाका की आता!"

डोहात… गूळ आटवायची जुनी काहील, तीच या तळ्यावरची एकुलती नाव; तिच्यातून जाळी रोज थोडी आत न्यायची, हे काम लिंबाजीकडं आपोआप आलं. रोज आत, पण डोहाला वळसा घालून. खडकाखालच्या त्या काळ्या पाण्यात मरळ मासे उन्हाळा काढतात, आणि आईनं, भामाबाईनं, तिथं कधी जाळं टाकू दिलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात घरात नुसता मिलो, रेशनची लाल ज्वारी, शिजत होता, तो तरुण होता, भुकेनं पिसाळलेला, जाळं खांद्यावर — आणि ती काठावर बसून एवढंच म्हणाली होती, "तळ्याचं बी हाय ते. बी खातंय का कुणी?" पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं, मासा आला, आणि भोयाचं घर उभं राहिलं.

पण परवा एसटीतल्या माणसाबरोबर शिवकन्येचा सासरहून, बोरवाडीहून, निरोप आला होता. बाबा, आडाला नुसता गाळ हाय. मलाच प्यायला न्हाई, लेकराला अंगावर काय पाजू?

त्यानं काहील डोहावर नेली आणि बांबू पाण्यात घातला. बांबू खाली गेला, हात पाण्यात गेला, दंड गेला, तरी तळ लागला नाही. खाली काहीतरी जड अंगानं सरकलं, बांबूला घासून. मग त्यानं जाळी सोडली. दोर हातातून सरसर जात होता आणि तो मोठ्यानं बोलत होता, पाण्याशी की आईशी, त्याला कळत नव्हतं… मी काय करू, सांग, पोरीला काय पाजू?

इंजिनाचा आवाज भरला. टँकर भरत गेले.

काठावर येऊन त्यानं विचारलं, "बसवंता, बोरवाडीला यातला कोणता?"

"बोरवाडी? ती तर नांदेड जिल्ह्यात."

"मागल्या उन्हाळ्यात जायचा की."

"मागल्या उन्हाळ्यात सायेब उस्मानाबादेत बसायचे, इकडं कोण बघायलं होतं? आता लातूरहून रोज जीप येती. शिवेपलीकडं थेंब न्हाई, मामा." आणि मग, त्याचा चेहरा बघून, हळू आवाजात, "तुमची लेक तिकडं हाय का?"

लिंबाजी पुन्हा काहिलीत जाऊन बसला. जाळी ओढून घ्यावी, दोर तर हाताशीच आहे… पण टँकरच्या तोटीखाली बायांनी घागरी लावल्या होत्या, एकमेकींच्या आयांचा उद्धार करत होत्या, त्यांच्याही कडेवर लेकरं होती. कोणाच्या तोंडचं काढायचं? बराच वेळ दोर नुसता हातात होता. मग तोही त्यानं खाली ठेवला.

दिवे लागायच्या सुमारास घरी गेला तेव्हा भामाबाई दारात बसली होती. डोळ्यांनी तिला आता दिसत नसे. तो जवळून गेला आणि तिनं मान वर केली. डोहाच्या गाळाचा वास वेगळा, कुजका आणि गार, तो त्याच्या अंगाला होता. आता शिव्या देईल, तो थांबला, देऊ दे… अंगावर घ्यायला तो तयार होता, जवळजवळ वाट बघत होता.

"शिवकन्येला पोचलं का पाणी?" तिनं विचारलं.

"हाव," तो म्हणाला.

"मग गेला तर गेला डोह." ती भिंतीला टेकली.

ते 'हाव' किती सहज निघालं… आणि त्याहून वाईट म्हणजे, पाय धुताना त्याला खरंच शिवकन्येची भरलेली घागर दिसायला लागली, काठोकाठ, तिच्या उंबऱ्याशी. ती खोटी आहे हे माहीत असून त्यानं ती दिसू दिली. त्या दिवशी, आणि मग रोज थोडी.

शिवकन्येचं लेकरू त्याच वर्षी ज्येष्ठात गेलं.