आजोबांना नात मिळेना

दामिनीने साईनगरातलं चतुराबाईंचं पाळणाघर जेवढं तपासलं, तेवढं लोक लेकीचं स्थळही तपासत नाहीत. गॅस सिलिंडर कुठे आहे, गच्चीच्या जिन्याच्या दाराची कडी पोरांच्या हाताला लागते का, न्हाणीतली बादली भरलेली तर राहत नाही, सगळं पाहून झालं. खिडकीचे गज तर तिने धरून हलवले. मग आपल्या चिमुकल्या लेकीला, ठमीला, रोज थोडा थोडा वेळ तिथे ठेवायचं ठरलं. तरी दामिनी कधी टोपडं, कधी बाटली राहिल्याचं निमित्त काढून अवचित दारात उभी.

"आज काय इसरलं जी?" चतुराबाई हसून विचारायच्या. आत एक पोरगं वरणात माखलेलं, एक कडेवर, आणि ठमी कोणाची तरी चप्पल डोक्यावर घेऊन फिरत असायची.

"तू पोट्टी ठेवून राहिली का घर इकत घेऊन राहिली?" नवरा, प्रीतम, चिडवायचा.

दामिनी हसायची, पण तिची शंका काही जात नव्हती. ठमी झाल्यावर सोडलेली क्लासमधली नोकरी परत चालून आली होती. सोमवारी होय की नाही ते सांगायचं होतं. घर चांगलं होतं, बाई मायाळू होत्या. पण जरा जास्तच मायाळू. दारात आलेला माणूस चहाशिवाय परत जात नसे. उद्या कोणी गोड बोलून पोरच मागितली, तर या बाईंच्या तोंडून 'नाही' निघेल?

शुक्रवारी ती वेळापत्रक ठरवायला क्लासवर गेली, आणि इकडे दर्यापूरहून तिचे सासरे वामनराव न सांगता येऊन टेकले. हातात ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी. घराला कुलूप. शेजारणीला विचारून ते तडक पाळणाघरात.

चतुराबाईंनी आधी गाव विचारलं. वऱ्हाडात एकदा गाव विचारलं की नातं काही फार लांब राहत नाही. वामनरावांची बहीण तेल्हाऱ्याला दिलेली, आणि चतुराबाईंचं माहेर त्याच गल्लीतलं.

"अवं माय! म्हणजे तुमी तं माहे मामाच झाले!"

डोक्यावर पदर आला, पाया पडणं झालं, ओसरीवर खुर्ची आली, मागोमाग पोहे आणि चहा. वामनराव खूश. कप खाली ठेवून म्हणाले, "दे मंग आता पोट्टी."

"पोट्टी नाई देत, मामा."

"काहून?"

"तिची माय सांगन तवा देईन. फोन लावून राहिली, उचलत नाई ते."

"अवं, पण मी तुहा मामा झालो नं आत्ता!"

"झाले नं. म्हणून तं पोहे दिले."

आणि जाळीच्या दाराला आतून कडी बसली.

फोनवर चतुराबाईंचे न उचललेले इतके कॉल पाहून दामिनी क्लासवरून तशीच निघाली. स्कूटी कशी हाणली, तिचं तिला ठाऊक. पोचली तर जाळीबाहेर सासरे शेंगा सोलत बसलेले, आतून ठमीचा चिमुकला हात पुढे, आणि चतुराबाईंचा आवाज, "मामा, दाणे नका देऊ लेकराले! घशात अडकते."

"पाह्य सूनबाई!" वामनराव उसळले. "मामा म्हणते, पाया पडते, अन् माहीच नात मले देत नाई! अशा जागी पोट्टी ठेवाची नाई, सांगून ठेवतो."

"हे सासरेच होत नं तुमचे?" चतुराबाईंनी विचारलं.

दामिनीने त्यांना नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दिसतात तर तसेच."

"सूनबाई!"

"हो हो, तेच आहेत." तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "चतुराबाई, सोमवारपासून पूर्ण दिवस ठेवते हिला."

कडी निघाली. ठमी आजोबांच्या मांडीवर चढली, मिशी ओढून पाहिली. वामनरावांनी तिच्या मुठीतून मिशी सोडवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "प्रीतमचा दोस्त-बिस्त कोणी आला, तं त्यालेबी देजो नको बरं."

"नाई देत, मामा. पण तुमचा एक फोटो काढून ठेवते. पुढच्या खेपेस ओसरीवर बसा लागणार नाई."

"थांब," वामनरावांनी टोपी सरळ केली. "हं, आता काढ."

तेवढ्यात ठमीने टोपी ओढलीच.