खातं मिटल्यावर

आगरदांड्याच्या जेट्टीजवळ काशीमावशींची खानावळ होती. दिघीला जाणारे-येणारे तिथं जेवायला थांबायचे आणि स्वयंपाक सगळा प्रणालीच्या हातचा. मावशींचे गुडघे गेले, तेव्हा पनवेलचा त्यांचा भाचा गणराज जागा विकायला निघाला. मावशींनी त्याला बजावलं, "आधी प्रणालीला विचार. तिला न्हाय जमलं तर मग कुणालाही दे."

गणराजनं महिनाअखेरची मुदत दिली.

प्रणाली मुरूडच्या बँकेत गेली. कर्जाचं काम मृणालमॅडम बघायच्या. त्यांनी प्रणालीचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, काढला आणि त्यांचा चेहरा उतरला. नवऱ्याच्या, विपुलच्या, मिनीडोर रिक्षासाठी प्रणालीच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. विपुलला कावीळ झाली, रिक्षा दारात उभी राहिली, आणि हप्ते थकले ते थकलेच.

"हे मिटल्याशिवाय मला तुमची फाईल पुढे पाठवता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

प्रणालीनं कुड्या मोडल्या, बोरमाळ मोडली. फायनान्सच्या ऑफिसात वसुलीचा माणूस गोड बोलला. "ताई, एवढेच भरा. बाकीचं माफ करून टाकतो. विषय संपला."

"माफ करतायत तर बरंच हाय की," विपुल म्हणाला. पैसे भरले. 'येणे बाकी नाही' असं पत्र हातात आलं आणि त्या दिवशी परतताना दोघांनी खूप दिवसांनी वडापाव खाल्ला.

पत्र बघून मृणालमॅडमनाही बरं वाटलं. पण त्या म्हणाल्या, "मंजुरी वरून येते हो. वरचे लोक पत्र बघत नाहीत, रिपोर्ट बघतात. त्यात अजून जुनीच थकबाकी दिसतेय."

"पण मी भरले ना!"

"भरलेत. पण कंपनी ही माहिती रोजच्या रोज पाठवत नाही. पंधरवड्याचं सगळं एकदम जातं. तुम्ही पैसे भरलेत त्याच्या आधल्या दिवशीच ती पाठवून झाली होती. आता पुढची महिनाअखेरीला जाईल, मग रिपोर्टात चढायला आणखी थोडे दिवस."

प्रणालीनं गणराजला फोन केला, हातापाया पडली. "महिनाअखेरीनंतर आठ दिवस थांबतो," तो म्हणाला. "पुढं न्हाय हां वहिनी, दुसरी पार्टी तयार हाय."

ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. मासे तळता तळता ती मनातल्या मनात खानावळीला निळा रंग देत होती. विपुलला गल्ल्यावर बसवता येईल, असंही तिनं ठरवून टाकलं होतं.

शेवटी मॅडमचा फोन आला. "या जरा."

स्क्रीनवर थकबाकी शून्य होती. प्रणाली हसली, पण मॅडम हसल्या नाहीत.

"इथे 'क्लोज्ड' यायला हवं होतं. 'सेटल्ड' आलंय. म्हणजे कमी पैशांत तडजोड केली, पूर्ण कर्ज फेडलं नाही. तुम्हाला माफी दिली ना त्यांनी, तीच ही."

"मग आता?"

"माफ केलेलं भरलंत तर बदलून मागता येईल. पण ते भरायचे, त्यांनी पुन्हा कळवायचं, पुन्हा आपण वाट बघायची. तोवर हे असंच दिसणार. अशी फाईल वरती घेत नाहीत, प्रणालीताई."

मोडायला आता घरात काही नव्हतं. असतं तरी गणराज थांबणार नव्हता.

जागा मुंबईच्या एका माणसानं घेतली. मावशी भाच्याबरोबर पनवेलला गेल्या. जाताना त्यांनी प्रणालीचा हात धरला. नव्या मालकानं प्रणालीला विचारलं, "तुम्हीच का त्या स्वयंपाकाच्या बाई? राहा की. पगार तोच देईन." तिनं मान डोलावली.

घरी विपुल पडवीत बसला होता. "माझ्यामुळंच झालं ना हे?"

न्हाय म्हणायला हवं होतं. तो तिच्याकडे डोळे लावून बसला होता. प्रणालीनं चपला काढल्या, पाय धुतले आणि आत गेली.