शून्य निकालांची यादी

कायद्यापुढे सर्व माणसं समान आहेत, आणि हासेलव्हिक नगरपालिकेत सर्व विभागही समान आहेत. या तत्त्वासाठी आमच्या आधीच्या पिढ्यांनी काय काय सोसलं असेल, याची कल्पना करवत नाही. आमच्या पिढीने त्या तत्त्वावर नगरपालिकेच्या वेबसाइटवरची शोधाची चौकट उभारली. चौकटीत काहीही लिहा, निकाल विभागांच्या नावांप्रमाणे अकारविल्हे येत. कुणी वरचढ नाही, कुणी दुय्यम नाही. त्यामुळे 'बालवाडी' शोधणाऱ्याला सगळ्यात आधी अभिलेखागार सापडे, आणि त्यात १९११ सालच्या बालवाडीचा फोटो.

"फोटो छान आहे," कडेवर पोर घेतलेली बाई म्हणाली. "पण यातली सगळी मुलं आता गेली असतील. मला ऑगस्टपासून जागा हवीय."

वाचनालयातल्या कॉम्प्युटरपाशी तिच्या शेजारी बोर्गहिल्ड ट्वाइटा बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. दर गुरुवारी ती अशीच कुणाच्या तरी शेजारी बसायची. हात मोकळे राहिले तर बोट दाखवण्याचा मोह होतो, आणि एकदा बोट दाखवलं की माणूस कुठे अडतो ते कळत नाही, असं तिचं म्हणणं.

"सांगून टाक ना तिला कुठे दाबायचं ते," मी मागून पुटपुटलो.

"मी काय हिच्याबरोबर घरी जाणारे?" बोर्गहिल्ड म्हणाली. बाईने शेवटी हात टेकले, तेव्हा तिने आपले हात काढले आणि वहीत दोन ओळी लिहिल्या. मग बाईला बालवाडीचा अर्ज काढून दिला.

बोर्गहिल्ड सव्वीस वर्षं नगरपालिकेच्या स्विचबोर्डवर होती. "हासेलव्हिक नगरपालिका, बोर्गहिल्ड बोलतेय." गावातल्या निम्म्या लोकांना नगरपालिका म्हणजे हा आवाज, एवढंच ठाऊक होतं. पुढे सगळं वेबसाइटवर सापडणार म्हणून स्विचबोर्ड बंद झाला आणि बोर्गहिल्डला माहिती विभागात पाठवण्यात आलं. तिथे मी पानं लिहितो. तिने काय करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. तिने कॉम्प्युटरवाल्यांकडे एक यादी मागितली: लोकांनी काय शोधलं आणि त्यांना काहीच सापडलं नाही. ही यादी आजवर कुणी मागितलीच नव्हती. आश्चर्याच्या भरात त्यांनी ती एका दिवसात दिली.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी आठला, कॉफीबरोबर, ती यादी मोठ्याने वाचायची. आवाज तोच, स्विचबोर्डवरचा.

"बर्फ कोण काढणार. शून्य. शेजाऱ्याचा कोंबडा. शून्य. लग्न, पाहुणे नकोत. शून्य."

एका सोमवारी ती इथे थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. "बर्फाचं पान आहे ना आपल्याकडे?"

"आहे की. 'हिवाळी मार्गदेखभाल: धोरण व प्राधान्यक्रम'."

"त्यात बर्फ हा शब्द नाही."

नव्हता. ते पान मी लिहिलं होतं, आणि तोवर मला त्याचा अभिमान होता.

"हे लिहिताना तू खिडकीतून बाहेर तरी बघत होतास का रे?"

ती लोकांचे शब्द लिहून घ्यायची आणि प्रत्येकासमोर योग्य ते पान जोडायची. नऊ वर्षांत असे दोन हजारांवर शब्द जोडले. तरीही शोधून शोधून थकलेला माणूस शेवटी चौकटीत तिचंच नाव लिही. मग तिचा नंबर येई, आणि नंबर लावला की ती.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात नव्हती: निकालांचा क्रम. दोन हजार शब्द जोडले तरी त्यांच्या डोक्यावर अभिलेखागार बसलेलंच असे. क्रम बदलायचा तर सर्व विभागप्रमुखांची एकमताने संमती हवी. बोर्गहिल्ड जूनअखेर निवृत्त होणार होती, आणि मे महिना अर्धा सरला होता. "हे असंच टाकून गेले," ती मला म्हणाली, "तर नऊ वर्षं मी लोकांना चुकीच्या दारापर्यंत नीट पोहोचवलं, एवढंच होईल."

बैठक शुक्रवारी ठेवली, कारण शुक्रवारी वॉफल असतात आणि वॉफल खाताना माणूस सहसा नाही म्हणत नाही.

अभिलेखागाराचा प्रमुख हाल्व्दान मात्र नाही म्हणाला. तो वाईट माणूस नव्हे. सहा वर्षं वेबसाइटवरचा सर्वाधिक उघडला जाणारा विभाग त्याचा होता. वार्षिक अहवालात तसा आलेख होता आणि त्या आलेखाच्या जोरावर त्याला एक जादा मदतनीस मिळाली होती.

"आज मला खाली ढकलाल," तो म्हणाला, "उद्या कुणाला?"

सांडपाण्याच्या प्रमुखाने गंभीरपणे मान डोलावली. त्याचा विभाग जन्मापासून तळाला होता, पण प्रश्न तत्त्वाचा होता.

बोर्गहिल्डने वाद घातला नाही. तिने जॅमची बरणी बाजूला सरकवली आणि तिथे लॅपटॉप ठेवला.

"या महिन्यात तुम्हाला प्रत्येकाला नगरपालिकेकडून स्वतःसाठी काहीतरी हवं असेल. ते शोधा. एकेकाने. बाकीच्यांनी हातांवर बसायचं."

"सुरुवात कोण करणार?"

"अकारविल्हे," बोर्गहिल्ड म्हणाली. "तूच पहिला, हाल्व्दान."

आठ विभागप्रमुख हातांवर बसले. हाल्व्दानने थोडा विचार केला, वॉफल खाली ठेवला, आणि दोन बोटांनी लिहिलं: आई पडली.

शून्य निकाल.

त्याची आई एक्याण्णव वर्षांची, वरच्या टेकडीवर एकटी राहते. ती आठवड्यापूर्वी पडली होती, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

त्याने लिहिलं: म्हातारी आई एकटी राहते. आता निकाल आले. पहिला होता, अभिलेखागार: निराधार विधवांची नोंदवही, १८९४. दुसरा, तिसरा, चौथाही अभिलेखागार. हाल्व्दान खाली खाली जात राहिला. नोंदवह्या, वर्गणीदारांच्या याद्या, एक मिरवणूक. त्याचे कान लाल झाले होते.

गृहशुश्रूषेची प्रमुख उन्नी तीन खुर्च्या सोडून बसली होती. गळ्यात घालायचं धोक्याच्या घंटेचं बटण तिच्याच विभागाकडून मिळतं. त्याचा अर्ज तिला तोंडपाठ होता. तिने डोळे मिटून घेतले.

"हात काढू का?" तिने शेवटी विचारलं.

"नको," बोर्गहिल्ड म्हणाली. "दर वेळी तू शेजारी नसतेस."

वॉफल गार झाले. शेवटी हाल्व्दानने लॅपटॉप हळूच मिटला.

"नोंदवही सुरेख स्कॅन झालीय," तो म्हणाला. "चार वर्षं लागली आम्हाला." मग त्याने लॅपटॉप बोर्गहिल्डकडे सरकवला. "खाली घ्या आम्हाला."

"किती खाली?"

"शोधणाऱ्याला लागेल तेवढं."

उन्नीने हात काढले आणि सगळ्यात आधी बटणाचा अर्ज त्याच्यासमोर काढून ठेवला. मतदान झालं. कुणी नाही म्हटलं नाही. सांडपाण्याच्या प्रमुखाने, आपण आता कितवे असू, एवढंच विचारलं. "पाइप तुंबला की पहिला," बोर्गहिल्ड म्हणाली. तो वॉफल घेऊन समाधानाने गेला.

जूनमध्ये क्रम बदलला. लोकांना जे लागतं ते वर आलं. जुने कागद एका वेगळ्या कप्प्यात गेले, ज्यांना ते हवेत त्यांना एका टिचकीत सापडतील असे. प्रत्येक निकालाखाली आत काय आहे ते एका साध्या वाक्यात आलं. ती वाक्यं मी लिहिली, आणि बोर्गहिल्डने त्यांतली निम्मी खोडली. हिवाळी मार्गदेखभालीच्या पानाचं नाव आता 'बर्फ' आहे.

निरोपाला मलईचा केक होता. महापौरांनी अकरा मिनिटं भाषण केलं आणि टेलिफोन खात्यातल्या प्रदीर्घ सेवेबद्दल तिचे आभार मानले. हाल्व्दानने तिला चौकटीतला एक फोटो दिला: स्विचबोर्डसमोर बसलेली, केस कुरळे केलेली तरुण बोर्गहिल्ड.

"शोधायला दोन दिवस लागले," तो म्हणाला.

"कशाखाली होता?"

"इमारती."

ती खूप हसली. मग मेजाचा खण रिकामा केला, कप धुवून उपडा ठेवला आणि नेहमीच्या बसने घरी गेली.

दहा दिवसांनी, सोमवारी आठला, मी कॉफी घेतली आणि यादी उघडली. पूर्वी ती दोन-तीन पानं असे. आता सात ओळी होत्या. खोलीत मी एकटाच होतो, तरी मोठ्याने वाचली, कारण ती तशीच वाचायची असते. सगळ्यात वर, एकसष्ट वेळा: बोर्गहिल्ड. शून्य.

निवृत्त कर्मचाऱ्याचं नाव वेबसाइटवरून त्याच दिवशी काढायचं, असा आमच्याकडे नियम आहे.