एडिथ आत्याची सही

गार्थ ब्रॅमलीच्या सगळ्या गोतावळ्यात कोर्टाची पायरी न चढलेलं माणूस एकच होतं, त्याची एडिथ आत्या. म्हणून इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या पार्कची मॅनेजर ती झाली. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी.

पार्कात चाळीस घरं, सगळी चाकांवरची. चाकं गवतात रुतून वीस वर्षं झालेली आणि आत राहणारी मंडळीही तशीच, कुठे न जाणारी. घरं बहुतेक राहणाऱ्यांची, जमीन गार्थची. पण सरकारने कायदा काढला, की असं पार्क चालवणारा माणूस ‘योग्य’ हवा, आणि कौन्सिलने पारखून त्याचं नाव नोंदवहीत घालावं; नाव नाही, तर पार्क चालवता येणार नाही. गार्थची पुण्याई थोर: एकदा राहणाऱ्यांची वीज तोडल्याबद्दल शिक्षा, एकदा फसवणुकीबद्दल.

“आत्या, तू नुसती सही कर गं. बाकी मी बघतो.”

आत्याने भिंग घेऊन अर्जाची ओळ न् ओळ वाचली. कौन्सिलच्या बाईंनी विचारलं, “कधी काही गुन्हा?”

“एकसष्ट साली चॅपेलमधून स्तोत्रांचं पुस्तक घरी नेलं. परत द्यायचं राहिलं.”

बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. त्या पापाला रकाना नव्हता. आत्या योग्य ठरली.

मॅनेजरचं नाव आणि फोन नंबर फाटकावर लावायचा नियम होता. गार्थने खुशाल आत्याचा लावला. म्हातारीला ऐकू येत नाही, यावर त्याची भारी श्रद्धा. मात्र गार्थ बोलायला लागला, की आत्या कानातलं यंत्र काढून ठेवायची, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. नऊ नंबरची हेस्टर होती.

“एडिथ, बाथरूममध्ये गटाराचं पाणी वर येतंय गं. तीन आठवडे झाले. गार्थ म्हणतो, जमत नसेल तर घर मला विकून मुलीकडे जा. अगं, माझ्या नवऱ्याने, फ्रँकने लावलेले गुलाब आहेत इथे. कुठे जाऊ?”

आत्या काठी टेकत गेली, नाकाला रुमाल लावून पाहून आली आणि चहाच्या वेळी गार्थला म्हणाली, “लाईन खणून दे.”

“आत्या, तू कागदावरची मॅनेजर आहेस!”

“सही कागदावरच केली होती रे. पाण्यावर नव्हे.”

गार्थने बिस्किट बुडवलं. “तू राहतेस ते घरही माझंच आहे, हे विसरू नकोस. मी म्हटलं, तर उद्या बाहेर.”

रविवारी आत्या चॅपेलमध्ये गेली. सत्तर वर्षं ती तिथे तेच गात आली होती: जे मुखी तेच मनी असू दे, देवा. त्या दिवशी तिचा आवाज दोनदा चिरकला. घरी येऊन तिने बॅग भरली, स्तोत्रांचं ते पुस्तक वर ठेवलं आणि गार्थला फोन लावला.

“मी मॅनेजरचं काम सोडते. कौन्सिलला पत्र लिहिलंय, सोडायचं खरं कारण घालून. वाचून दाखवू?”

पलीकडे गार्थचा कप बशीवर आदळला.

“नवा योग्य माणूस कोण, तेही विचारतील ना? नाव सांग, घालते.”

“आपल्या घरातला केव्हिन,” गार्थ म्हणाला.

“तो जामिनावर आहे, बाळा.”

“मग... डेरेक?”

“त्याचा जामीन फेटाळला.”

सोमवारी गार्थ स्वतः गमबूट घालून नऊ नंबरच्या मागे चरात उतरला. पार्कातल्या म्हाताऱ्यांनी खुर्च्या आणून रांगेत मांडल्या. एवढी गर्दी तर चॅपेललाही होत नसे. आत्या भिंग घेऊन काठावर बसली होती.

“आणखी थोडं खोल. आणि गुलाबांना सांभाळून रे, बाबा.”

हेस्टरने सगळ्यांना चहा दिला, गार्थलाही. त्याचे हात बरबटलेले, म्हणून बिचारीने कप त्याच्या तोंडाशी धरला.

संध्याकाळी पाणी खळखळत वाहून गेलं. आत्याने स्तोत्रांचं पुस्तक चॅपेलला परत केलं. बॅग मात्र भरलेलीच दाराशी ठेवली. नोंदणी पाच वर्षांची होती, आणि चाळीसपैकी एकाच घराची लाईन झाली होती.