कुलसुमबीचा पितळी डबा

मी एक जुना पितळी डबा आहे. पातूरच्या बाजारात कुलसुमबीने मला घेतलं, झाकणावर आपलं नाव कोरून घेतलं. तरी माझं निम्मं आयुष्य गेलं ते शेजारच्या दुर्गाबाईच्या फळीवर. याचा मला फार अभिमान आहे, मित्रांनो!

ईदेला मी शीरखुर्मा घेऊन दुर्गाबाईकडे जायचो आणि येताना मुगवड्या, कुरडया घेऊन यायचो. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पुढे कुलसुमबी अकोल्याला जठारपेठेत राहायला गेली, तरी माझ्या फेऱ्या थांबल्या नाहीत. आता मी एसटीत मांडीवर बसून जाऊ लागलो.

मग दोघींकडे मोबाईल आले. रोज सकाळी इकडून गुलाबाचं चित्र, तिकडून जोडलेले हात. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

दोन हजार अठरा साली ईदेचा शीरखुर्मा पोचवून मी फळीवर बसलो. त्यानंतर पावसाने दगा दिला. मूग गेला, सोयाबीन गेलं. दुर्गाबाई मला घासायची, रिकामा बघायची आणि पुन्हा पालथा घालायची. दिवाळीही तशीच गेली. ती कुणाशी बोलेना, धड जेवेना. मोबाईलवर मात्र रोज लिहायची, ‘मजेत आहे.’ मी आतल्या आत तडफडत होतो.

एके दुपारी कुलसुमबी दारात उभी राहिली.

“दुर्गे, काहून वं अशी वाळली?”

“तुले कोनं सांगतलं?”

“कोनं सांगन? रोज मजेत म्हनते, पन पाच महिने झाले, डबा नाही आला. मंग मी समजली.”

दुर्गाबाईचा बांध फुटला. “घरात काईच नोतं वं. खाली डबा कसा देऊ तुले?”

“येडी आहे का तू? डबा घेऊन काय करू? मले तू पायजे!”

तिने स्वतःच चूल पेटवली. पिठाच्या मडक्यात तळाशी होतं तेवढ्या ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकरी झाल्या. एक दोघींनी मिळून खाल्ली, दुसरी माझ्यात घातली. दुर्गाबाई किती दिवसांनी पोटभर बोलली! अशी मैत्रीण मी दुसरी पाहिली नाही.

मित्रांनो, मोबाईलवर फुलं खुशाल पाठवा. पण कुणाचा डबा तुमच्या फळीवर पालथा पडला असेल, तर लाजू नका. आज रिकामाच घेऊन जा.