होळीच्या आधीची होळी

वलगावात किसनरावांच्या आवारात वर्षाला दोन होळ्या पेटत. एक गावाबरोबर, पौर्णिमेची. दुसरी वीस मार्चला संध्याकाळी, तिथी कोणतीही असो. गाव तिला इराकची होळी म्हणे. ती पौर्णिमेनंतर आली तर कोणी काही बोलत नसे. आधी आली की मात्र म्हाताऱ्या बाया कुरकुरत. होळीच्या आधी होळी म्हणजे बरं लक्षण नव्हे.

ही रीत सुरू केली शेरवाननं. किसनराव अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत होते तेव्हा वसतिगृहात तो त्यांच्या खोलीत होता. इराकच्या उत्तरेला कुर्द लोकांचा डोंगराळ मुलूख आहे, तिथला. काळ्या मातीचं शास्त्र शिकायला आलेला हा पोरगा सपाट रानाकडे पाहून उदास व्हायचा. किसनरावांनी त्याला एकदा चिखलदऱ्याला नेलं, तर मेळघाटाच्या रांगा पाहून तो रडला होता. मग एका होळीला ते त्याला घरी घेऊन आले.

किसनरावांची माय, पार्बताबाई, होळीसाठी चाकोल्या थापत होती. शेणाच्या लहान गोवऱ्या, मधे भोक पाडून सुतळीत ओवायच्या, त्यांची माळ होळीला घालायची. शेरवान शेजारी जाऊन बसला. आमच्याकडेही गोवऱ्या थापतात, पण भोक कोणी पाडत नाही, असं त्यानं तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं आणि बाही सारून शेणात हात घातला. त्याची भोकं कधी मधे पडायची नाहीत, एका कडेला सरकायची. माय हसून म्हणाली, "शेरू, हे काय वडे करून राहिला का बाप्पा?" तिनं माळेच्या मधोमध घालायला चंद्र केला होता. त्यानं त्या जागी सूर्य केला, भोवती किरणांची टोकं असलेला.

होळी झाली, आठवड्यानं वीस तारीख आली. त्या संध्याकाळी आपल्या गावी नवं वर्ष लागतं, प्रत्येक टेकडीवर आग पेटते, असं शेरवान म्हणाला. एका टेकडीवरची आग दिसली की समोरची पेटवतात. आम्ही आहोत, तुम्ही आहात ना, एवढंच विचारायचं असतं. माय उठली, उरलेली एक माळ आणि पऱ्हाटीच्या, वाळल्या कपाशीच्या, काड्या त्याच्यापुढे आणून ठेवल्या. आग पेटली. त्यानं सभोवार पाहिलं. सगळीकडे सपाट. "अब जवाब कौन देगा?" त्यानं विचारलं. मायला तेवढं हिंदी कळत होतं. ती म्हणाली, "आमी आहो ना."

मायचा समज झाला की ही त्या लोकांची होळीच. तिनं पुरण घातलं, नैवेद्य दाखवला आणि पोराला बोंब मारायला लावली. शेरवाननं तोंडावर पालथा हात मारून अशी बोंब ठोकली की शेजारचे उत्तमराव धावत आले. तेव्हा तेही पोरच होते.

पदवी घेऊन शेरवान गेला. पुढचं सगळं किसनरावांना आधी रेडिओवर कळलं, मग पेपरात. शेरवानचं गाव लष्करानं पाडलं. त्यानं डोंगरात बंदूक धरली, तुरुंग भोगला. विषारी वायू सोडला गेला त्या वर्षी त्याचे दोघे भाऊ गेले. पुढे कुर्दांची स्वतःची विधानसभा झाली, तो पाण्याचा मंत्री झाला. आपलेच दोन पक्ष एकमेकांवर उलटले तेव्हा कोणाच्याच बाजूनं लढायला त्यानं नकार दिला आणि खुर्ची सोडली. नंतर लहानसा पक्ष काढला. दर निवडणुकीत तो थोडा आणखी लहान होत गेला. किसनरावांनी पत्र लिहायचं कितीदा ठरवलं. एवढा मोठा माणूस, त्यानं आपल्याला का ओळखावं, म्हणून कागद कोराच राहायचा. मात्र वीस मार्चची आग त्यांनी एकदाही चुकवली नाही. माय गेली त्या वर्षीसुद्धा नाही.

यंदा फेब्रुवारीत त्यांची नात प्राजक्ता हिनं मोबाइलवर शेरवानची मुलाखत शोधून काढली आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगितली. तुम्हाला कोणी घडवलं, असा प्रश्न होता. शेरवाननं आईचं नाव घेतलं, गुरुजींचं घेतलं, डोंगरातल्या सोबत्यांची एकेक करून नावं घेतली. भारताबद्दल एकच वाक्य होतं: तिथे मी मातीचं शास्त्र शिकलो.

"बरोबरच हाय," किसनराव म्हणाले. "मातीच तर शिकाले आला होता." त्या दिवशी ते ताटावरून लवकर उठले.

मार्च लागला. यंदा पौर्णिमा वीस तारखेच्या नंतर होती. बायकोनं, लीलाबाईंनी, शेण मागवू का म्हणून विचारलं तर ते म्हणाले, गावहोळीपुरतं मागव, दुसरी यंदा राहू दे. लीलाबाई इतकी वर्षं त्या आगीवरून नवऱ्याला चिडवत आल्या होत्या. यंदा मात्र त्या हातातलं काम टाकून पुढे आल्या. "काहून?" त्यांनी विचारलं. किसनराव चपला घालून रानाकडे निघाले.

वीस तारखेलाच अकोल्याला जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. जायचं मन नव्हतं. प्राजक्तानं बळेच नेलं. सभागृहात दोन-तीन भाषणं झाली आणि परदेशातल्या एका मान्यवर विद्यार्थ्याचा संदेश पडद्यावर लागला. शेरवान. केस पांढरे, नाकात प्राणवायूची नळी. किसनराव खुर्चीत पुढे सरकले. तो इंग्रजीत बोलला. जमीन, धरणं, तरुणांची जबाबदारी. कागदावरून वाचत होता. नाव कोणाचंच घेतलं नाही. धन्यवाद म्हणाला.

किसनराव त्याच्याकडे पाहत नव्हते. त्याच्यामागे भिंतीवर कुर्दांचा झेंडा होता आणि झेंड्याशेजारी खिळ्याला एक माळ. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, सुक्या अंजिरांची असेल, तिकडे खूप पिकतात. ती अंजिरं नव्हती. भोकं कडेला सरकलेली होती. मधोमध तसाच किरणांची टोकं असलेला सूर्य होता. शेण इतकी वर्षं टिकत नाही, चुरा होतो. म्हणजे ही माळ नवी होती, आणि कोणीतरी ती दरसाल करत होतं.

"आबा, जायचं का?" प्राजक्तानं विचारलं.

"चाल. लवकर चाल."

वलगावात पोचले तेव्हा दिवस कलला होता. गावहोळीच्या चाकोल्या दारात वाळत होत्या, अजून आतून ओल्या. किसनरावांनी त्यातल्याच उचलल्या. लीलाबाईंनी काही न विचारता सुतळी आणून दिली आणि पऱ्हाट्यांची मोळी ओढत आणली. ओल्या चाकोल्या पेटता पेटेनात, नुसता धूर. तो आधी अंगणात भरला, मग वर चढू लागला. किसनरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते फुंकत होते.

धूर पाहून उत्तमराव काठी टेकत फाटकाशी आले.

"अरे किसन्या, होळीच्या आधीच पेटवली का बे? आता बोंब कोणाच्या नावानं मारू?"

किसनराव डोळे न पुसताच उठले.

"शेरूच्या नावानं मार," ते म्हणाले. "पण जोरात मार गड्या. लय दूर जाचं हाय तिले."